गोव्यात राहून पहिला ट्रायथलॉन: आठवडे नव्हे, ऋतू मोजून सराव लावा

गोव्यात ट्रायथलॉनचा, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं अशा सलग शर्यतीचा, सराव सुरू करणाऱ्याच्या हाती सगळ्यात आधी येतो तो बाहेरच्या कुणीतरी आखलेला सोळा किंवा वीस आठवड्यांचा तक्ता. तक्त्यात चूक काही नसते, पण तो ज्या गावासाठी लिहिला त्या गावात पावसाळा चार महिन्यांचा नसतो. आपल्याकडची मोठी शर्यत, आयर्नमॅन ७०.३, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पणजीतल्या मिरामारला होते. तिथून सोळा आठवडे मागे मोजत गेलात तर सराव सुरू होतो भर आषाढात. तेव्हा समुद्रात उतरायला मनाई, रस्त्यावर शेवाळ आणि खड्डे, आणि पोहणं अजून शिकायचंच राहिलेलं.

वर्षभर सराव करून अर्ध्या अंतराची (७०.३) शर्यत पूर्ण केल्यावर नवोदितांना माझं सांगणं आहे की वर्ष नोव्हेंबरपासून धरा. हिवाळ्यात समुद्र शिकून घ्या, उन्हाळ्यात अंगाला घामाची सवय करा, पावसाळ्यात जलतरण तलाव आणि ताकदीवर काम करा आणि चवथ (गणेशचतुर्थी) झाली की सगळं एकत्र जोडा. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने दिल्या आहेत.

आधी अंतर ठरवा

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, याच क्रमाने, मध्ये घड्याळ न थांबता. स्प्रिंटमध्ये ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं असतं. ऑलिम्पिक अंतर त्याच्या दुप्पट: १.५, ४० आणि १०. सिडनीत २००० साली हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला तो याच अंतराने. ७०.३ हा आकडा मैलांचा आहे. किलोमीटरमध्ये एकूण ११३ होतात, म्हणजे १.९ पोहणं, ९० सायकल आणि २१.१ धावणं. पूर्ण आयर्नमॅन याच्याही दुप्पट. त्याचा विचार पहिल्या वर्षी करू नये.

गोव्यातली ७०.३ पहिल्यांदा २०१९ मध्ये झाली, कोविडमुळे दोन वर्षं खंड पडला आणि २०२२ पासून ती पुन्हा सुरू झाली. पोहण्याला १ तास १० मिनिटं आणि संपूर्ण शर्यतीला साडेआठ तास मिळतात. वेळ ऐकायला भरपूर वाटते. सायकलवर पाठीला रग लागली आणि धावताना डोक्यावर ऊन आलं की ती पुरवून वापरावी लागते.

ज्याला आज तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता जाता येत नाही, त्याने पहिल्या वर्षी स्प्रिंट करावी, नाहीतर ७०.३ च्या रिलेत भाग घ्यावा. रिलेत तिघे तीन टप्पे वाटून घेतात. शर्यतीचा दिवस जवळून बघायला मिळतो, नियम कळतात आणि आपला टप्पा मनापासून करता येतो. पोहता येतं आणि आठवड्याला सहा ते आठ तास निघतात, अशांनी पहिल्याच वर्षी अर्ध्या अंतराचा विचार करायला हरकत नाही.

फॉर्म भरण्याआधी डॉक्टरांकडे जा. चाळिशी ओलांडली असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर ईसीजी आणि डॉक्टर सांगतील ती पुढची तपासणी टाळू नका. ट्रायथलॉनमध्ये अचानक हृदय थांबून झालेल्या मृत्यूंमध्ये सर्वांत मोठा वाटा पोहण्याच्या टप्प्याचा आहे. घाबरवायला सांगत नाही. पोहण्याला सर्वांत जास्त तयारी का द्यायची, ते कळावं म्हणून सांगतो.

सामान थोडंच घ्या

साधी रोड बाईक पुरते. मापाची फ्रेम आणि नीट बसवलेली सीट यांवर खर्च करा, महागड्या चाकांवर नको. हेल्मेट, मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा, जादा ट्यूब, टायर लिव्हर, छोटा पंप. धावायचे बूट दोन जोड, कारण आपल्या दमट हवेत एक जोड दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाही. गॉगल, टोपी आणि पोहताना कमरेला बांधायचा नारंगी फुगा. थंड देशांतले व्हिडिओ बघून वेटसूट मागवू नका. आपला समुद्र २८-२९ अंशांच्या आसपास असतो आणि एवढ्या कोमट पाण्यात हौशी स्पर्धकांना वेटसूट घालून बक्षिसासाठी लढता येत नाही. घातला तरी तो त्रासच देईल. एक ट्राय-सूट घ्या आणि तिन्ही टप्पे त्यातच करा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: समुद्र शिका

वर्षातले सर्वांत मोलाचे महिने हे. सकाळी हवेत गारवा, पाणी शांत आणि मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे, त्यामुळे किनाऱ्याजवळ लाट जवळजवळ नसते. दुपारकडे खारे वारे सुरू झाले की तेच पाणी खवळतं. म्हणून पोहायचं ते सकाळीच.

तलावात बसवायच्या गोष्टी तीनच: तोंड पाण्यात असताना श्वास सोडत राहणं, अंग आडवं ठेवणं आणि दोन्ही बाजूंनी श्वास घेता येणं. मोठेपणी पोहायला शिकणारे बहुतेक जण श्वास धरून ठेवतात आणि पन्नास मीटरमध्ये दमतात. हात-पायांची ताकद तिथे कामाला येत नाही. नुसतं बुडबुडे काढत पोहण्यात आठवडे गेले तरी जाऊ द्या. शक्य असेल तर प्रशिक्षक लावा. सायकल आणि धावणं स्वतःचं स्वतः शिकता येतं, पोहण्यातली आपली खोड आपल्याला दिसत नाही. न थांबता चारशे मीटर सावकाश जमले की समुद्राकडे वळा.

समुद्रात एकट्याने कधीही उतरू नका. किनाऱ्यावरचे जीवरक्षक सकाळी साडेसातच्या सुमारास कामावर येतात. त्याआधी काळोखात पाण्यात जाणाऱ्यांच्या धाडसाचं मला कौतुक नाही. लाल बावटा असेल तर परत फिरा. पहिले काही दिवस छातीएवढ्या पाण्यात, किनाऱ्याला समांतर पोहा. खोल पाण्याकडे जाण्यात काहीच कमाई नाही.

मिरामारला पोहणाऱ्याने मांडवीचं मुख डोक्यात ठेवलंच पाहिजे. ओहोटीला नदीचं पाणी जोराने बाहेर पडतं आणि कांपालच्या बाजूला गेलात तर त्या ओढीत सापडता. करंजाळेच्या बाजूलाच राहा. भरतीची वेळ काढायला आपल्या किनारपट्टीवरच्या जुन्या माणसांचा हिशेब अजून उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला साधारण तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. याचा अर्थ असा की पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी सातला पाणी चढतं असतं, आणि अष्टमीच्या आसपास त्याच वेळी ओहोटी लागलेली असते. उधाणाच्या (पौर्णिमा-अमावास्येच्या) दिवसांत पाणी जास्त चढतं-उतरतं, भांगाच्या (अष्टमीच्या) दिवसांत कमी. हा हिशेब ढोबळ आहे, नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा. पण कालनिर्णय बघून आठवड्याचा सराव लावण्याची सवय मला फार उपयोगी पडली आणि मी ती सोडणार नाही. रांपण ओढणारे मच्छीमार किनाऱ्यावर असतील तर त्यांनाही विचारा. जाळं कुठवर टाकलंय आणि आज पाणी कुठल्या बाजूला ओढतंय हे ते एका वाक्यात सांगतात.

किनाऱ्यापासून आत नेणारा प्रवाह लागला तर त्याच्याशी झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर या, मग वळा. दम लागला तर फुगा धरून पाठीवर पडा आणि हात वर करा.

तलावात तळाला रेघ असते, समुद्रात नसते. दर सहा-आठ हातांनी नजर वर काढून खूण बघायची सवय करा. मान पूर्ण उचलली की कंबर खाली जाते, म्हणून डोळे जेमतेम पाण्यावर आणायचे, खूण बघायची आणि मग बाजूला श्वास घ्यायचा. खूण मोठी निवडा. बोया लाटेआड जाते, पण दोनापावलाची टेकडी जात नाही.

पाण्यात मन घाबरलं तर छाती आवळते आणि श्वास लहान होतो. हे अनुभवी लोकांनाही होतं. पाठीवर या, चार-पाच लांब श्वास सोडा, मग ब्रेस्टस्ट्रोकने सावकाश पुढे जा. याचाही सराव मुद्दाम करा, गर्दीत पोहण्याचाही करा: चौघे-पाचजण एकमेकांना चिकटून पोहा, एकमेकांचे हात लागू द्या. शर्यतीत पहिल्यांदा कुणाचा पाय तोंडावर बसला तर माणूस गडबडतो, आधी बसला असेल तर पोहत राहतो.

जेलीफिश लागली तर वाळू घासू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुऊन जीवरक्षकांकडे जा. श्वासाला त्रास होऊ लागला तर थेट दवाखान्यात.

या काळात धावणं आणि सायकल हलक्या अंगानेच ठेवा. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. वर्षभरातला बराचसा सराव याच वेगात झाला तरी तुम्ही वेगवान व्हाल.

मार्च ते मे: सायकल, घाम आणि खाणं

उन्हाळा आपल्याकडे तापमानापेक्षा दमटपणामुळे कठीण जातो. घाम येतो, पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. उन्हात सराव करायची सवय शरीराला साधारण दोन आठवड्यांत लागते. घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, नाडी खाली येते. पण ही सवय भर दुपारी धावून लावायची नाही. सकाळी साडेसात-आठला अर्धा तास, मग थोडा जास्त. चक्कर, अंगावर शहारे, घाम थांबणं किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर तिथेच थांबायचं, सावलीत जायचं आणि अंगावर पाणी ओतायचं.

आपला घाम मोजून घ्या. तासभराच्या सरावाआधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करा. आधी ७० किलो, नंतर ६८.९ आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यालात, तर तासाला १.६ लिटर घाम गेला. तो सगळा भरून काढायला जाऊ नका, पोट साथ देत नाही. आणि नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरून जिवावर बेतू शकतं. पाण्याबरोबर मीठ हवंच. औषधाच्या दुकानातली डब्ल्यूएचओ सूत्राची ओआरएसची पुडी सांगितलेल्या मापातच पाण्यात घाला. कोकम सरबतात साखर-मीठ नीट घातलं तर तेही सायकलवर छान जातं.

लांब सरावात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. केळी, खजूर, चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा ही सगळी कामाची. जेल वापरायचं असेल तर आत्तापासून वापरा. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही पोटात जाता कामा नये. सरावाआधी उकड्या तांदळाची पेज आणि मीठ याहून सोपा नाश्ता मला सापडला नाही. पोदेर (पाववाला) पहाटे दारात येतो तिथे पोयी (गव्हाचा पाव) आणि केळं.

हुर्राकचे (काजूच्या दारूचे) दिवस याच काळात येतात. दुसऱ्या दिवशी लांबची सायकल असेल तर आदल्या संध्याकाळी घेऊ नका, सकाळी शरीरात पाणी कमी असतं.

सायकलचे रस्ते: सुरुवातीला पणजी ते रायबंदर ते जुने गोवे. नदीकाठचा, सपाट, झाडांच्या सावलीचा. जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडी बेटावर गेलात तर वाहनं फारच कमी, नवख्याला वळणं आणि बाटली काढून पिणं शिकायला यासारखी जागा नाही. चढासाठी दोनापावल आणि जुन्या गोव्यातून कदंब पठारावर जाणारा रस्ता. पाय तयार झाले की साखळी-केरी मार्गे चोर्ला घाट, पण तो पाऊस लागण्याआधी आणि सोबतीने. शनिवार-रविवारी पहाटे बार्देशच्या किनारी पट्ट्यातून सायकल नेऊ नका. रात्रभर जागून गाडी चालवणारे तेव्हाच परत निघालेले असतात. रस्त्यात बसलेली गुरं आणि अंगावर येणारी कुत्री यांची सवय मात्र करून घ्यावीच लागते: वेग कमी करा, अचानक वळू नका.

एप्रिलपासून आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरल्या उतरल्या धावा. याला ब्रिक म्हणतात. पहिली दहा मिनिटं पाय आपले नाहीत असं वाटतं, नंतर सुटतात. पहिल्यांदा दहाच मिनिटं धावा.

जून ते सप्टेंबर: तलाव, ताकद, चवथ

पाऊस लागला की समुद्र बंद, आणि त्याबद्दल वाद घालू नये. पोहणं पूर्णपणे तलावात न्या. आता अंतर वाढवा: आठवड्यातून तीन वेळा, त्यातलं एक सलग लांब. सप्टेंबर येईपर्यंत सलग दोन किलोमीटर सावकाश जमायला हवेत.

सायकल घरातच होम ट्रेनरवर लावा. कंटाळवाणं असतं, पण तासभर मध्ये न थांबता पाय फिरतात, जे रस्त्यावर होत नाही. बाहेर गेलातच तर टायरमधली हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि पुलांच्या लोखंडी सांध्यांवर ब्रेक लावू नका. घरी आल्यावर साखळी पुसून तेल द्या. आपल्या खाऱ्या-ओल्या हवेत ती दोन दिवसांत तांबते.

आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम करा: बैठका, लंजेस, प्लँक, पोटरीचे व्यायाम, पाठ. धावणाऱ्यांच्या बऱ्याच दुखापती नितंब आणि पोटऱ्या कमजोर असल्याने होतात. मैलांचा हव्यास धरण्यापेक्षा हे दोन तास जास्त फळ देतात, हे मी ठामपणे सांगेन.

श्रावणात मासळी बंद असलेल्या घरांत प्रथिनं कमी पडतात. तोंडाकात (कालवणात) अळसांदे (चवळी), मूग, चणे रोज असू द्या, दही-पनीर घ्या. मासे खाणाऱ्यांना बांगडा आणि तारले उत्तम.

चवथीच्या दिवसांत सराव होणार नाही हे गृहीत धरून तक्ता लिहा. घरी माणसं असतात, आरत्या असतात, नेवऱ्या असतात. त्या आठवड्याला विश्रांतीचा आठवडा नाव द्या आणि मनापासून सण करा. वर्षातला असा एक आठवडा शरीराला हवाच असतो.

चवथीनंतर: जोडणी

शर्यतीला आता साधारण दोन महिने उरतात. समुद्र हळूहळू उघडतो, पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला पावसाची ओढ पाण्यात शिल्लक असते, जीवरक्षकांना विचारल्याशिवाय उतरू नका. आठवडा साधारण असा: सोमवारी विश्रांती, मधल्या दिवसांत दोन पोहण्याचे, दोन धावण्याचे आणि एक सायकलचा तास, शनिवारी लांब सायकल आणि त्यामागे थोडं धावणं, रविवारी लांब धावणं किंवा समुद्र. ७०.३ करणाऱ्याने सायकलवर सत्तर-ऐंशी किलोमीटर आणि धावण्यात सोळा-अठरा किलोमीटरपर्यंत जावं. दोन्ही पूर्ण अंतरं सरावात करायची गरज नाही.

ट्रान्झिशनचा, म्हणजे एका टप्प्यातून दुसऱ्यात जाण्याचा, सराव अंगणात करा. टॉवेल पसरून सामान ओळीने मांडा: हेल्मेट, गॉगल, नंबरचा पट्टा, बूट. नियम पक्के करा. सायकल रॅकवरून काढण्याआधी हेल्मेट डोक्यावर आणि पट्टा लावलेला हवा. परत रॅकवर ठेवल्यावरच तो सोडायचा. आखलेल्या रेषेच्या पुढे जाऊनच सायकलवर बसायचं. हौशी स्पर्धकांना दुसऱ्याच्या मागे चिकटून हवा चुकवायला बंदी आहे. आयर्नमॅनमध्ये १२ मीटर अंतर ठेवावं लागतं आणि ओलांडायचं असेल तर २५ सेकंदांत ओलांडावं लागतं. गटाने सायकल चालवणाऱ्यांना हा नियम अंगवळणी पडायला वेळ लागतो.

शेवटच्या दोन आठवड्यांत सरावाची वेळ कमी करा, थोडा वेग ठेवा. झोप वाढवा.

शर्यतीचा दिवस

नाश्ता शर्यत सुरू होण्याच्या तीन तास आधी, रोजचाच. मान, काखा, मांड्यांना व्हॅसलिन. पाण्यात सोडताना आपला खरा पोहण्याचा वेळ सांगून त्या रांगेत उभे राहा, पुढे घुसू नका. मागचे वेगवान लोक अंगावरून जातील. पोहताना पहिली पाच मिनिटं मुद्दाम सावकाश. सायकलवर पहिल्या वीस मिनिटांत काहीतरी पोटात जाऊ द्या आणि मग ठरल्याप्रमाणे खात राहा, भूक लागायची वाट बघू नका. धावण्याच्या टप्प्यात सावली जवळजवळ मिळत नाही. प्रत्येक पाण्याच्या टेबलावर चाला, पाणी डोक्यावर आणि मनगटांवर ओता, बर्फ मिळाला तर टोपीत घाला. टेबलांच्या मध्ये धावा. वेग घड्याळावर नाही, श्वासावर ठेवा.

नंतर

त्याच संध्याकाळी, कितीही थकलात तरी, सायकलवर गोडं पाणी फिरवा, पुसा आणि साखळीला तेल द्या; घाम आणि ओआरएस हँडलच्या टेपखाली शिरून धातू खातात. पहिला आठवडा चालणं आणि हलकं पोहणं एवढंच. दोन आठवड्यांनी सावकाश धावा. गुडघा किंवा खांदा दुखतच असेल तर फिजिओकडे जा. तोवर नोव्हेंबरचं पाणी शांत झालेलं असतं, तेव्हा कालनिर्णय काढा आणि भरती बघून पुढच्या आठवड्याचं समुद्रातलं पोहणं लावा. पोहण्यात आपण कुठे कमी पडलो ते ताजं आठवत असतानाच त्यावर काम सुरू करणं सर्वांत सोपं जातं.